‘तपासून घेतला’: हिवाळी अधिवेशनाला येणाऱ्यांना एका निवृत्त सरकारी केमिस्टचं खुलं पत्र

प्रति,
हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात येणारे माननीय मंत्री, आमदार आणि सचिव यांस,

महोदय, महोदया,

तुम्ही येणार हे नागपूरला आधीच कळतं. सिव्हिल लाइन्सच्या दुभाजकांना रंग लागतो, रविभवनाची कॉटेजेस झाडून-पुसून तयार होतात, यशवंत स्टेडियमजवळ मंडपाचे बांबू येऊन पडतात. मोर्चा काढणं माझ्याच्यानं होणार नाही. गुडघे साथ देत नाहीत, आणि आमच्या जमातीचा मोर्चा निघालाच तर त्याला बॅरिकेडचीही गरज पडायची नाही. सरकारी केमिस्ट म्हणजे कोण हेच लोकांना ठाऊक नसतं. चौतीस वर्षं नोकरी झाली तरी आमच्या गल्लीतल्या काकू मला औषधाच्या दुकानातली बाईच समजत होत्या. डोकेदुखीची गोळी मागायला येत. मीही देत असे.

म्हणून हे पत्र. तुम्हाला लिहिलंय, पण सगळ्यांनी वाचावं असं.

इथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून एमएस्सी करून १९८६ साली मी नागपुरातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत वैज्ञानिक सहायक म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले होते. ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. कारखान्यात वापरायचं रसायन, पोटात गेलं की किडनी बंद पाडणारं. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. आमच्याकडे अन्नाचे नमुने यायचे, औषधं हा आमचा विषय नव्हता, पण जेवणाच्या सुट्टीत दुसरी गोष्टच नसे. आमचे साहेब नव्या माणसापुढे दोन बाटल्या ठेवत आणि म्हणत, ‘दोन्ही गोड, दोन्हींना रंग नाही, वास नाही. आता ओळख बापा कोणती कोणती.’ ओळखता येत नसे, हेच त्यांना सांगायचं असे.

पुढे परीक्षा देत, नेमणुका घेत मी पब्लिक अ‍ॅनालिस्ट झाले, कायदा बदलल्यावर अन्न विश्लेषक झाले. दूध, तूप, तेल, तिखट, हळद, बेसन, मिठाई. पूर्व विदर्भात तुम्ही कुठेही जेवला असाल तर त्या ताटातलं काहीतरी कधीतरी आमच्या टेबलावरून गेलेलं आहे. मे २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्येच, निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला नाही. किल्ल्या दिल्या, रजिस्टरं मोजून दिली, सही केली, घरी आले.

ती रजिस्टरं मोजून दिली होती, एवढं कृपया लक्षात असू द्या.

१९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्यात विश्लेषकाच्या अहवालाचा एक छापील नमुना होता. इंग्रजीत. त्यात एक ओळ अशा अर्थाची: हा नमुना मी स्वतः तपासला आहे, तिरकी रेघ, तपासून घेतला आहे. दोन्हींपैकी एक पेनाने खोडायचं आणि खाली सही करायची. कित्येक वर्षं मी ‘तपासून घेतला’ खोडत आले. नंतर पदं रिकामी होत गेली, नमुने वाढले, आणि खोडण्याची बाजू बदलली. मग २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला, ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४६ मध्ये अन्न विश्लेषकाने नमुने ‘तपासून घ्यावेत’ एवढंच आहे. खोडायला काही उरलंच नाही.

यात गैर काही नाही. एका माणसाच्या हातून सगळे नमुने होणं शक्य नसतं. पण तपासून घ्यायला टेबलापाशी कोणीतरी उभं लागतं. ते कोण, आणि पुढे ते सापडेल का, एवढाच माझा प्रश्न आहे.

यंदा, २०२५ च्या जुलैत, वर्धा जिल्ह्यातल्या एका कोर्टाचं समन्स आलं. २००९ चा बेसनाचा नमुना, जुन्या कायद्यातला खटला. दुकानदार तेव्हा चाळिशीचा असेल, आता मुलगा त्याला हाताला धरून आणतो. त्याने ते बेसन घाऊक बाजारातून आणलं होतं, असं तो पहिल्या दिवसापासून सांगतोय. खरंही असेल. सोळा वर्षं तो तारखा करतोय.

साक्षीच्या आठवडाभर आधी मी माझ्या जुन्या कार्यालयात गेले. रजिस्टर पाहून जावं म्हटलं. सोळा वर्षांपूर्वीचा नमुना आठवणीवर सांगणं म्हणजे लबाडी. तिथल्या क्लार्कने खुर्ची दिली, चहा मागवला. खोल्यांची दुरुस्ती झाली, कपाटं गोडाऊनला गेली, त्यातली काही परत आली, काही नाही. ‘सापडलं तर फोन करतो जी मॅडम.’ फोन आला नाही.

बचावाचा वकील तरुण होता. उद्धट नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं.

‘मॅडम, अहवालात “स्वतः तपासला” हे तुम्ही खोडलं आहे?’

‘हो.’

‘मग तपासला कोणी?’

मी नाव सांगितलं.

‘त्या सध्या कुठे असतात?’

‘माहीत नाही. कंत्राटावर होत्या.’

‘त्यांनी तपासला याला कागद काय?’

‘रजिस्टर. त्यात त्यांची सही आहे.’

‘रजिस्टर आणलंत?’

सरकारी वकिलांनी मुदत मागितली. तारीख पडली. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं ते रागाने नव्हे. या बाईलाही आपल्यासारखंच हेलपाटे घालायला लावलंय, असं काहीसं त्या नजरेत होतं.

आता त्या नमुन्याबद्दल सांगते, कारण तो मला चांगला आठवतो, फक्त कोर्टाला चालेल असा आठवत नाही.

बेसनात लाखोरीच्या डाळीचं पीठ मिसळलं आहे का हे पाहायची जुनी पद्धत आहे. बेसनात पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, नळी गरम पाण्यात पंधराएक मिनिटं ठेवायची, हळूहळू गुलाबी छटा आली तर लाखोरी. (१९६१ मध्ये लाखोरीच्या विक्रीवर नियमाने बंदी आली, कारण तिच्यातल्या विषाने पाय लुळे पडतात असा तिच्यावर ठपका. आणि आमच्याच प्रयोगशाळेत भंडाऱ्याकडची मंडळी लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी डब्यात आणत. मीही खाल्ली आहे. छान लागते.) त्या दिवशी आम्ल घातल्या घातल्या नळी लालगुलाबी झाली. शेजारच्या टेबलावरचा जुना सहायक म्हणाला, ‘लाखोरी. लिहा.’ नळी हातात असलेली मुलगी ब्रह्मपुरीकडची होती, कंत्राटावर येऊन जेमतेम चार महिने झालेले. ती म्हणाली, ‘नाही मॅडम. लाखोरी इतक्या घाईत रंग नाही देत. तिला तापवावं लागते.’

तिचं बरोबर होतं. गार आम्लात क्षणात लाल होतो तो मेटॅनिल यलो, खाण्यात बंदी असलेला पिवळा रंग. ती संध्याकाळी थांबली. पांढऱ्या लोकरीचा धागा घेतला, आम्लात उकळून रंग त्याच्यावर चढवला, अमोनियाने पुन्हा उतरवला, कागदावर चढवून शेजारी माहितीतल्या रंगाचा ठिपका ठेवला, आणि दोन्ही ठिपके सारखे चढलेले पाहूनच घरी गेली. लाखोरी लिहिली असती तर पहिल्याच उलटतपासणीत अहवाल फाटला असता. अहवालावर सही माझी गेली. तिचं नाव त्यावर कुठेच नाही, कारण अहवालाच्या छापील नमुन्यात तशी जागाच नाही. अकरा महिन्यांनी तिचा करार संपला, एक दिवसाचा खंड देऊन पुन्हा घेतलं, मग नाही घेतलं. कोणी म्हणतं पुण्याला औषध कंपनीत आहे.

गेल्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एका सरकारी प्रयोगशाळेची जाहिरात आली. पदं विश्लेषणाची, नेमणूक अकरा महिन्यांची, मानधन एकत्रित. जाहिरात वाचली आणि हे पत्र लिहायला बसले.

सप्टेंबर २०२३ मध्ये तुमच्याच सरकारने कंत्राटी भरतीसाठी खासगी एजन्सी नेमण्याचा निर्णय काढला होता. राज्यभर बोंब झाली, ऑक्टोबरात तो रद्द झाला. एजन्सी गेली, अकरा महिने राहिले. शिपायाला, ड्रायव्हरला कंत्राटावर ठेवणं अन्याय आहेच, पण जो कायद्याचा, म्हणजे खटल्यात पुरावा ठरणारा, नमुना तपासतो त्याला कंत्राटावर ठेवणं याचा फटका त्या माणसापुरता राहत नाही. त्याचा कागद दहा-पंधरा वर्षं जगतो आणि तो माणूस अकरा महिन्यांत दिसेनासा होतो. हे गणित कोणी मांडलं मला माहीत नाही. रसायनशास्त्राच्या माणसाने तर नक्कीच नाही.

शिवाय हे काम पुस्तकातून पुरतं येत नाही. आपल्याकडची जनावरं सरकी खातात. त्यामुळे इथल्या शुद्ध तुपाची आरएम व्हॅल्यू (तुपातल्या उडून जाणाऱ्या आम्लांचं माप) मुळातच कमी येते. जुन्या नियमांत कापूसपट्ट्याची मर्यादा म्हणूनच वेगळी ठेवली होती. त्याच सरकीपायी चांगल्या तुपातही सरकीचं तेल ओळखायची हॅल्फेन टेस्ट रंग दाखवू शकते. नवा मुलगा ते पाहून सरकीचं तेल मिसळलं असं लिहून मोकळा होईल आणि एखादा प्रामाणिक गवळी कोर्टाच्या पायऱ्या झिजवेल. डालड्याची भेसळ वेगळी पकडायची असते. वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचं तेल घालणं कायद्यानेच सक्तीचं केलं होतं, ते एवढ्यासाठीच, की भेसळ तिळाचं तेल ओळखणाऱ्या बोदुआं टेस्टमध्ये लाल होऊन बोलावी. हे शेजारच्या टेबलावरून शिकायचं असतं. शेजारचं टेबल दरवर्षी बदललं तर शिकवणार कोण?

आता उन्हाचं. मुंबईत बसून खरेदीच्या फाइली तपासणाऱ्यांना हे समजावून सांगताना मी दमले, म्हणून इथे सांगते. ईथर हे आमचं रोजचं द्रावक, ते ३४.६ अंशांना उकळतं. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत ईथरची बाटली उघडायची म्हणजे आधी ती बर्फात ठेवायची, तोंड दुसरीकडे करायचं आणि हळू बूच फिरवायचं. बूच उडालेलं मी पाहिलं आहे. माझ्या चष्म्याने माझा डोळा वाचवला. दरवर्षी एप्रिलमध्ये एसी दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवायचा, दिवाळीनंतर माणूस यायचा. रसायनांचंही तेच. निधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येणार, एकतीस तारखेच्या आत संपवा, मग जे मिळेल ते घ्या. लाखो रुपयांची यंत्रं देखभालीचा करार संपला म्हणून कापड पांघरून बसलेली असतात. उद्घाटनाचा फोटो मात्र भिंतीवर असतो.

कायदा म्हणतो, नमुना मिळाल्यापासून चौदा दिवसांत अहवाल द्या. ही मुदत कारकुनी नाही. १९६७ मध्ये दिल्लीच्या एका दह्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने आरोपीला सोडलं, कारण खटला भरायला इतका उशीर केला की राखून ठेवलेला दह्याचा भाग नासला आणि तो पुन्हा तपासून घेण्याचा त्याचा हक्कच गेला. अठ्ठावन्न वर्षं झाली या निकालाला. दुधाच्या नमुन्यात फॉर्मॅलिनचे थेंब घातले म्हणजे ते काही अमर होत नाही. उशीर झाला की दोषी सुटतो, आणि निर्दोष असेल तर त्याला तसं सिद्धही करता येत नाही.

आमच्या भावंड खात्यांचं, म्हणजे न्यायवैद्यक प्रयोगशाळांचंही, वेगळं नाही. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरी ‘व्हिसेरा (पोस्टमॉर्टेममध्ये काढलेले अवयव) राखून ठेवला’ हे तीन शब्द काय आहेत ते मी सांगायला नको. नवऱ्याने फवारणीत जीव गमावला की दुसऱ्या कशाने, हे सी.ए. (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्ट आल्याशिवाय ठरत नाही, आणि बाईचा मदतीचा कागद तोवर अडकतो. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली. तज्ज्ञ आणायचा कुठून, ते संहितेत नाही.

आणि यंदाचा सप्टेंबर-ऑक्टोबर. छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या औषधाने किडनी निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आली. तुम्ही सगळ्यांनी वाचलंय. औषध तमिळनाडूत बनलेलं, मध्य प्रदेशात दिलेलं, आणि शेवटचे श्वास बऱ्याच जणांचे आपल्या गावात. मी मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात, माझ्या तपासणीसाठी गेले होते. बाहेर एक बाप लहानशी चप्पल पिशवीत घालून बसला होता. त्याच्याशी बोलायचं धाडस झालं नाही. त्या औषधाच्या एका बॅचमध्ये तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल शोधून काढलं. चालतं ते ०.१ टक्क्यापर्यंत. वीसहून अधिक मुलं गेली. मला एकदम ती दोन बाटल्यांची गोष्ट आठवली. जे. जे. ला एकोणचाळीस वर्षं झाली, विष तेच, चवही तीच. ते ओळखलं एका सरकारी केमिस्टने. त्याचं किंवा तिचं नाव कुठेही छापून आलं नाही, आणि नाही आलं याचं मला काही वाटत नाही. आम्हाला सवय आहे. पण ती व्यक्ती त्या दिवशी टेबलापाशी होती, तिच्याकडे यंत्र चालू होतं, तुलनेसाठीचं शुद्ध रसायन (स्टँडर्ड) होतं. तेच औषध संशयावरून उद्या नागपुरात टेबलावर आलं तर किती तासांत सांगता येईल, हे तुम्ही सभागृहात विचारावं, अशी माझी विनंती आहे. उत्तर लेखी घ्या.

एक तक्रार लहान आहे आणि माझी स्वतःची आहे. निवृत्त विश्लेषकाला समन्स आलं की तो स्वतःच्या पैशाने जातो. भत्त्याचा अर्ज कोर्ट कार्यालयाकडे आणि कार्यालय कोर्टाकडे दाखवतं. गणेशपेठच्या स्टँडवरून सकाळची एसटी धरायची, दिवसभर बाकावर बसायचं, संध्याकाळी ‘साहेब रजेवर आहेत’ ऐकून परत. पाच वर्षांत असं किती वेळा झालं ते मी मोजणं सोडलं. पैशाचं नाही. मी अजूनही सरकारच्या वतीने उभी असते, आणि सरकारला मी आठवत नाही.

मागण्या फार नाहीत.

कायद्याचे नमुने तपासणाऱ्यांची पदं लोकसेवा आयोगामार्फत कायमची भरा. अकरा महिन्यांची ती जाहिरात मागे घ्या. आज जे कंत्राटावर आहेत आणि काम जाणतात, त्यांना वयाची सवलत देऊन आधी संधी द्या.

अहवालासोबत, ज्याने प्रत्यक्ष तपासणी केली त्याचं नाव आणि सही असलेली वर्कशीट जोडलीच पाहिजे, असा आदेश काढा. याला एक पैसाही लागत नाही.

रजिस्टरं स्कॅन करा. खटला संपेपर्यंत ती कोणाच्या ताब्यात आहेत हे त्या माणसाच्या नावानिशी ठरवा.

चौदा दिवसांच्या वर किती नमुने पडून आहेत तो आकडा दर महिन्याला प्रयोगशाळेच्या फाटकावर लावा. लाज वाटली तर काम हलतं, हा माझा अनुभव आहे.

रसायनांचा आणि यंत्रांच्या देखभालीचा पैसा एप्रिलमध्ये द्या. एसीला चैनीच्या वस्तूंतून काढा.

लहान मुलांची पातळ औषधं ग्लायकॉलसाठी नागपुरातच तपासली जातील, आणि निकाल फोनवर त्याच दिवशी रुग्णालयांना कळेल, अशी सोय करा.

आणि त्या मुलीला शोधा. सरकारकडे तिचा पत्ता असणार, करारावर असतो. तिला साक्षीला बोलावण्याआधी एक पत्र पाठवा, की २००९ चा अमुक नमुना तुम्ही तपासला होता आणि तो बरोबर तपासला होता. मी सही करायला तयार आहे. या वेळी खोडाखोड लागणार नाही.

माझी पुढची तारीख जानेवारीत आहे. तोवर तुमचं अधिवेशन संपून तुम्ही मुंबईला पोचलेले असाल. गोडाऊनची किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांच्यासाठी लिहून ठेवते: वर्ष २००९, हिरव्या कापडी पाठीचं जाड रजिस्टर, कपाट क्रमांक चार, खालचा खण. बेसनाच्या पानाच्या कडेला एक डाग आहे. नळीतून सांडला तेव्हा गुलाबी होता; आम्ल उडून गेल्यावर पिवळा पडला. त्याच्या खाली तिची सही आहे.

आपली,
एक निवृत्त अन्न विश्लेषक
नागपूर